डिझाइनची मुलं ओपन सोर्सच्या बाहेरच का राहिली?

नेरूळला मी इंटरफेस डिझाइन शिकवते, आणि दरवर्षी पहिल्या महिन्यात कोणीतरी विचारतंच, मॅम आम्हाला कोडिंग येत नाही, मग ओपन सोर्समध्ये आमचं काय काम? ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. प्रश्न खरा आहे, आणि त्याच्यामागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे, तो एकदा नीट सांगावा म्हणून हे लिहितेय.

गंमत म्हणजे सुरुवात कॉलेजच्या मुलांनीच केलेली. १९९१ मध्ये लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणली तेव्हा लिनस टॉरवल्ड्स हेलसिंकीला शिकत होता, १९९६ मध्ये केडीई, म्हणजे लिनक्सवरचा खिडक्या-मेन्यूंचा डेस्कटॉप, सुरू करणारा मथियास एट्रिखही विद्यार्थीच. गिम्प, म्हणजे फोटो-चित्रांचं फुकट सॉफ्टवेअर, बर्कलीच्या दोन मुलांनी १९९५ मध्ये कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून करायला घेतलं. आणि लिनक्सचा तो गुबगुबीत पेंग्विन १९९६ मध्ये लॅरी ईविंगने गिम्पमध्येच काढला, लोगोच्या स्पर्धेत तो जिंकला नाही तरी लोकांनी त्यालाच आपलं केलं. म्हणजे चित्र काढणारा हात पहिल्यापासून होता, पण बहुतेक मुलं कॉम्प्युटर सायन्सची, आणि दरवाजाही त्यांच्याच मापाचा झाला.

दरवाजा म्हणजे पॅच. कोणत्या ओळी काढल्या, कोणत्या घातल्या ते दाखवणारी छोटी फाइल. कोडचा बदल असा ओळीओळीने वाचता येतो, त्यावर वाद घालता येतो, पटला तर जोडून टाकता येतो. स्क्रीनचं चित्र असं वाचता येत नाही, दोन बटणांऐवजी एकच ठेवलं तर त्यामागचा विचार कुठल्याच ओळीत दिसत नाही. त्यामुळे डिझायनरने काही सुचवलं की उत्तर यायचं, पॅच पाठवा. त्यात प्रत्येकजण आधी स्वतःची अडचण सोडवायला कोड लिहायचा, म्हणून ते वापरणं त्याला स्वतःला सोपंच वाटायचं.

आपल्याकडे बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज आहे ना, १९८० च्या दशकात चार्ल्स कोरियांनी केलेलं, तिथे घरांच्या भिंती मुद्दाम सामायिक ठेवल्या नाहीत, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. पुढे लोक बदल करणार हे धरून आधी आखणी झाली. ओपन सोर्समध्ये बरोबर उलटं झालं, घरं आधी उभी राहिली आणि आखणी करणाऱ्याला नंतर बोलावलं.

ते बोलावणं आलं साधारण २००१ मध्ये. सन ह्या कॉम्प्युटर कंपनीने जीनोम ह्या केडीईसारख्याच डेस्कटॉपसमोर साधी माणसं बसवली आणि ती कुठे अडकतात ते पाहिलं, मग २००२ मध्ये जीनोमची इंटरफेसची नियमावली आली. २००५ मध्ये गूगलचा समर ऑफ कोड सुरू झाला, विद्यार्थ्यांना पैसे मिळायला लागले पण फक्त कोडसाठी. डिझाइनच्या मुलांसाठी सीझन ऑफ युजेबिलिटी नावाचा छोटा उपक्रम त्यानंतर लगेच आला. आउटरीची ह्या ओपन सोर्समधल्या पगारी इंटर्नशिपमध्ये डिझाइनचं कामही चालतं, माझ्या मुलींना मी तेच आधी सांगते.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती मुंबईतली गोष्ट, कारण फॉन्टमध्ये हा पॅचचा प्रश्नच येत नाही, तिथे डिझाइन हाच सोर्स. विंडोजमधला मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशी, आयआयटीच्या आयडीसी ह्या डिझाइन विभागात शिकवलेले, त्यांनी एनसीएसटी ह्या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत रघु हे देवनागरी फॉन्ट केले आणि ते जीपीएल लायसनवर, म्हणजे कोणीही वापरावे, बदलावे अशा परवान्यावर, मोकळे झाले, लिनक्सवर हिंदी-मराठी दिसायला त्यांची मोठी मदत झाली. एनसीएसटी पुढे सी-डॅक ह्या दुसऱ्या सरकारी संस्थेत गेली, आणि तिचं एक कॅम्पस खारघर स्टेशनसमोर आहे. निफ्ट हे फॅशन-डिझाइनचं कॉलेजही खारघरलाच, एकाच स्टेशनवर उतरून दोन्हीकडे जाता येतं, तरी तिथल्या किती मुलांना रघु माहीत असेल? नंतर मुंबईच्याच ‘एक टाइप’ ह्या फॉन्ट करणाऱ्या गटाने मुक्ता, बालू असे फॉन्ट ओपन लायसनवर दिले, आज कितीतरी मराठी साइट मुक्तावर चालतात.

आणि मराठीला ह्यात जास्त लक्ष लागतं. दर्या आणि दऱ्या वेगळे, तो अर्धा ऱ नीट आला नाही तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे आपले, २००९ च्या शासन निर्णयातही तेच आहेत, पण बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण दिसतं आणि मराठी वळण आत दडलेलं असतं.

अडचणी आजही आहेत. सेमिस्टर चार महिन्यांचं, ज्युरीची, म्हणजे काम परीक्षकांसमोर मांडायची, तारीख ठरलेली, आणि प्रोजेक्टवाल्यांचं उत्तर कधीकधी ज्युरी झाल्यावर येतं. मुलं फिग्मा ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, ती फाइल मोकळी नाही, म्हणून हल्ली मी पेनपॉट हे तसंच पण ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरायला लावते. शिवाय मुलं आल्या आल्या अख्खं ॲप नव्याने डिझाइन करून पाठवतात, समोरचा रोज संध्याकाळी नोकरीनंतर ते ॲप सांभाळणारा माणूस असतो, तो वैतागतो, आणि मुलांचं मन मोडतं ते कायमचं.

म्हणून मागच्या टर्मला मी एवढंच सांगितलं की एक ॲप आठवडाभर मराठीत वापरा आणि खटकेल ते लिहा. घणसोलीच्या एका मुलीला ल खटकला. फॉन्टमध्ये मराठी ल होता, पण मजकूर मराठी आहे हे ॲप फॉन्टला सांगतच नव्हतं. तिने दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले, एकावर गोल केला, खाली चार ओळी लिहिल्या. दुरुस्ती एका ओळीची निघाली, ती डेव्हलपरने लिहिली, आणि बदलाच्या नोंदीत तिचं नाव घातलं.