पार्श्वभूमी : न्यू ऑर्लिन्सची थडगी आणि सिमेंटचा गिलावा

न्यू ऑर्लिन्समधली सेंट लुई क्रमांक १ ही दफनभूमी १७८९ सालची. जमिनीवर बांधलेल्या तिथल्या थडग्यांबद्दल बोलताना भूजलाची उथळ पातळी हे कारण हमखास सांगितले जाते. त्यामागे फ्रेंच-स्पॅनिश रीतही होती. पण ही थडगी टिकली ती चुन्यामुळे. वीट मऊ, नदीकाठच्या मातीची. विटांमधले सांधे, गिलावा आणि वरची सफेदी, सगळे चुन्याचे. भिंत पावसाची ओल प्यायची आणि चुन्यावाटे बाहेर सोडायची. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाआधी घरची माणसे थडगे धुऊन सफेदी करायची. ती नुसती सजावट नव्हे, वर्षाची डागडुजी असे.

पुढे वारस पांगले, सफेदी थांबली आणि विसाव्या शतकात ‘दुरुस्ती’ म्हणजे सिमेंटचा गिलावा असे समीकरण बसले. दरवर्षी हात फिरवायला माणूस नसताना एकदाच घट्ट लिंपून टाकावे, हा विचार समजण्यासारखा आहे. तरीही सर्वात जास्त नुकसान याच निर्णयाने केले, असे मला ठामपणे वाटते. सिमेंट ओल कोंडून ठेवते. ओलीतले क्षार विटेतच सुकतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि वीट भुगा होऊन झडते. बाहेरून थडगे धडधाकट दिसते. एक दिवस गिलाव्याचा अख्खा पापुद्रा सुटतो, तेव्हा मागे पोकळी सापडते. लोणा लागलेल्या वाड्याच्या भिंतीवर सिमेंट मारून पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय ही कौटुंबिक थडगी पुढच्या दफनासाठी पुन्हा उघडायची असतात. चुन्यातली वीट अलगद निघते, सिमेंटमधली फुटते.

दुर्लक्षाचे टोक म्हणजे १८२२ची गिरॉड स्ट्रीट दफनभूमी. १९५७मध्ये तिचे धार्मिक पावित्र्य रद्द केले गेले आणि ती पाडली गेली. २०१३च्या अखेरीस सेंट लुई क्रमांक १ दफनभूमीतल्या एका प्रसिद्ध थडग्याला कुणीतरी गुलाबी लॅटेक्स रंग फासला. तोही ओल कोंडणाराच, आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढताना जुना गिलावाही सुटू लागला. २०१५पासून पर्यटकांना वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत.

जुने सिमेंट उतरवायचे का, यावर आज खरी ओढाताण आहे. ते विटेला इतके चिकटलेले असते की काढताना विटेची पाठही सोबत येते. त्यामुळे जिथे ते आपोआप सुटले आहे तिथेच काढून चुना भरायचा, हा मार्ग मला बरा वाटतो.