चामड्याचं काम सुरू करताय? आधी घरातले कप्पे उघडा

दुकानात पहिल्यांदा येणारे बरेच जण मोबाइलवर एक फोटो दाखवतात. पेटीत नीट मांडलेली पन्नास-साठ हत्यारं. "हा सेट आहे का?" नाही, आणि आम्ही तो ठेवणारही नाही. त्यातली बरीचशी हत्यारं म्हणजे नक्षीचे ठसे. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं (व्हेज टॅन) चामडं ओलसर केलं तरच ते नीट उमटतात, आणि साधं कार्डांचं पाकीट शिवायला त्यातला एकही लागत नाही. जिच्यावर खरा पैसा घालायचा ती भोकं पाडायची टोचणी मात्र अशा पेटीत हमखास सुमार निघते.

म्हणून पहिलं काम कार्डांचं पाकीटच धरा. कापणं, आखणं, भोकं, शिलाई, कडा: सगळं त्यात येतं.

कापायला पुढचं टोक मोडता येणारा साधा कटर आणि स्टीलची पट्टी पुरे. टोक बोथट वाटलं की लगेच मोडा, तिथे काटकसर नको. चामडं फाटतं ते बोथट पात्यानेच. चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानात रापी (चामडं कापायची, छिलायची सुरी) मिळते, पुण्यात बोहरी आळीत विचारा. कडा छिलून पातळ करायला तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण नवी रापी धारेची नसते. ती पॉलिश पेपरवर आणि मग चामड्याच्या पट्टीवर घासून लावावी लागते, त्यामुळे धार लावायला हात बसेपर्यंत कटरच बरा.

आखायला मुलांच्या कंपासपेटीतलं कर्कटक घ्या. काठापासून 3 ते 4 मिलिमीटरवर टोक ठेवून फिरवलं की शिलाईची रेघ तयार. पेन नको, शाई चामड्यात मुरते ती निघत नाही.

आता टोचणी. काट्यासारखे दात असलेलं हे लोखंडी हत्यार हातोडीने ठोकून भोकं पाडतं. दोन दातांची एक आणि चार दातांची एक घ्या, दातांतलं अंतर 4 मिलिमीटर. लांब सरळ शिलाईला चारदाती, वळणाला दोनदाती. घेताना दातांची टोकं उजेडाकडे धरून बघा: सगळी एका रेषेत आणि एका उंचीची हवीत. मग दाताच्या बाजूवरून नख फिरवा. खरखरीत लागलं तर टोचणी चामड्यात अडकणार आणि उपसताना भोक ओढलं जाणार. थोडा खरखरीतपणा बारीक पॉलिश पेपरने जातो, वाकडा दात मात्र दुरुस्त होत नाही. काउंटरवर कातरण ठेवलेलं असतं, घेण्याआधी त्यावर ठोकून बघा. त्यासाठीच ते ठेवलंय. ठोकताना पहिला दात मागच्या शेवटच्या भोकात बसवायचा, म्हणजे अंतर चुकत नाही. अधूनमधून दातांना मेण लावा.

ठोकायला लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या तोंडाची हातोडी वापरा, लोखंडी हातोडीने टोचणीचं डोकं पसरतं. खाली काय? फरशीवाल्याकडे जा आणि ओट्यातून सिंकसाठी कापून काढलेला ग्रॅनाइटचा तुकडा मागा. तो बहुतेक वेळा पडूनच असतो. त्यावर भाजी चिरायचा जुना नायलॉनचा पाट ठेवा, नाहीतर दात थेट दगडावर आपटून मोडतील. (पाट पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, हे सांगायला हवं असं नाही.)

शिलाई हाताची: एक दोरा, दोन्ही टोकांना सुया, आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून एकमेकींना ओलांडून जातात. त्यामुळे एखादा टाका तुटला तरी बाकीची शिलाई मशीनच्या शिलाईसारखी पटकन सुटत जात नाही. सुया बोथट हव्यात. घरातल्या जाड सुईचं टोक पॉलिश पेपरवर घासलं तरी काम होतं. दाभण मात्र या भोकांना फार जाड पडतो. दोरा मेण लावलेला पॉलिस्टरचा, 0.8 मिलिमीटर. शिलाईच्या लांबीच्या साधारण चौपट कापून घ्या. पाकीट धरायला लाकडी शिकंजा लागतो म्हणतात, पण गुडघ्यांत धरून सुरुवात करा.

कडांच्या बाबतीत बरेच जण निराश होऊन येतात: "व्हिडिओतल्यासारखी चमक येतच नाही." दोष बहुधा हाताचा नसतो. बॅगा-सोफ्यांचं मऊ चामडं बहुधा क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं असतं, त्याची कड घोटून चमकत नाही. कापलेल्या कडेकडे बघा, मधला थर निळसर-राखाडी असेल तर बहुतेक क्रोमच. व्हेज टॅनची कड पॉलिश पेपरने सारखी करा, बोटाने किंचित पाणी लावा आणि जुन्या जीन्सच्या तुकड्याने जोरात घासा. चमक येते.

तेव्हा हत्यारांत वाचलेले पैसे चामड्यावर घाला. पाकिटासाठी 1.2 ते 1.5 मिलिमीटर जाडी मागा. पट्ट्याला 3 ते 4 लागते, तिकडे नंतर. अख्खं चामडं घ्यायची गरज नाही, आमच्याकडे व्हेज टॅनचे तुकडे वजनावर मिळतात. पाकिटाचा कागदी साचा कापून सोबत आणा, म्हणजे त्यात बसणारा तुकडा ढिगातून इथेच शोधून देता येईल.

कड गोल करायचं हत्यार, भोकांची पक्कड, रंग: सध्या काहीच नको. बटण लावायची वेळ आलीच, तर त्या मापाचा एकच पंच न्या.