छातीत क्रेप्स आहेत म्हणे

मागच्या महिन्यात आईचा खोकला काही थांबेना, डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ‘बायलॅटरल क्रेप्स, एईबीई’ आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, मावशीने तर एईबीई हा कुठलातरी नवीन व्हायरसच ठरवून टाकला. आता एईबीई म्हणजे एअर एंट्री बायलॅटरली इक्वल, दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जातेय, म्हणजे उलट चांगलीच बातमी की.

क्रेप्स हा क्रेपिटेशन्सचा शॉर्टफॉर्म, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तडतडणे. कानाजवळचे चार केस चिमटीत धरून चोळून बघा, जी बारीक करकर येते ना, साधारण तसंच स्टेथोमधून ऐकू येतं. मिटलेल्या बारीक श्वासनलिका श्वास घेताना फटकन उघडतात त्याचा हा आवाज. न्यूमोनियात येतो, हार्टच्या त्रासाने फुप्फुसात पाणी साठलं तरी येतो, म्हणजे क्रेप्स हे आजाराचं नाव नाहीच, जे ऐकलं ते लिहिलंय एवढंच.

शब्द ऐकूनच पेशंट घाबरायची ही भानगड पार पहिल्यापासूनची आहे. 1816 ला पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून पेशंटच्या छातीला लावली, तो पहिला स्टेथोस्कोप. छातीतल्या आवाजांना तो ‘राल’ म्हणायचा, पण फ्रेंच लोकांत राल म्हणजे मरणाऱ्याच्या घशातला आवाज, आपण ‘घरघर लागली’ म्हणतो ना, अगदी तेच! पेशंट हबकू नये म्हणून त्याच्यासमोर लेनेक लॅटिन ‘रॉन्कस’ शब्द वापरायचा. पुढे लोकांनी या दोन शब्दांना दोन वेगळे अर्थ चिकटवले आणि घोळ वाढला.

छातीतल्या आवाजांचे असेच आणखी दोन शब्द. व्हीज म्हणजे शिट्टी, दम्यात जास्त करून श्वास सोडताना वाजते. श्वास आत घेताना मोठा आवाज यायला लागला तर तो स्ट्रायडॉर, अडथळा घशाकडे, तिथे वाफ-बिफ घेत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि दम लागणं वेगळं, दमा वेगळा. जिना चढून धाप लागली की आपण दमा म्हणून मोकळे होतो, पण कारण रक्त कमी असणं किंवा हार्टही असू शकतं. डॉक्टरांना इंग्लिशमध्ये सांगायच्या नादात आई आधी नुसतं ‘कफ आहे, कफ आहे’ म्हणत होती, आता इंग्लिशमध्ये कफ म्हणजे खोकला आणि आपल्याकडे कफ म्हणजे बेडका, मग काय कळणार? शेवटी ‘पहाटे ढास लागते आणि पिवळा बेडका पडतो’ म्हणाली तेव्हा पुढचे प्रश्न सुरू झाले.

परवा ‘क्रेप्स नाहीत, एईबीई’ असं लिहून आलंय. मावशी विचारतेय, हे एईबीई अजून गेलं कसं नाही?