एका काडतुसाचं दुसरं काडतूस: ही युक्ती आली कुठून

आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असते ती बहुतेक ठासणीची बंदूक, फार तर बाराबोअर. त्यामुळे एका बोअरचं (नळीच्या मापाचं) पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, दाबून दुसऱ्या रायफलला बसवतात म्हटलं की गावात हसतात. (इथे घरी काडतुसं बनवायची तर त्याचं वेगळं लायसन लागतं, तेव्हा हे फक्त माहितीसाठी.)

लोकांना वाटतं ही अमेरिकन हौशी मंडळींची आयडिया, पण त्याआधी ती सैन्याची. मार्टिनी-हेन्री रायफल ब्रिटिश सैन्यात आली 1871 ला, तिच्या काडतुसाचं नावच .577/450, म्हणजे त्याआधीच्या .577 इंची स्नायडर रायफलचं केस घेतलं आणि मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, .450 पर्यंत आवळली. गंमत म्हणजे आज जुनी मार्टिनी चालवणारे 24 बोअरच्या शॉटगनची पितळी केसं आणून डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून तीच मान परत काढतात. पुढे कंपन्यांनीही तेच केलं, विंचेस्टर कंपनीचं .308 काडतूस 1952 चं, त्याचीच मान आवळून 1955 ला .243 काडतूस.

खरी मेख पितळात आहे. 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त, आणि दाबलं की कडक होतं. आपला तांबट हंडा ठोकताना मधेमधे भट्टीत तापवून मऊ करतो ना, तसंच इथे, फक्त मान तेवढी तापवायची, बूड नाही, कारण सगळा दाब बुडाने झेलायचा असतो, ते मऊ पडलं तर संपलंच.

मान तापवली नाही तर काय होतं ते दिसलं आपल्याच देशात, पावसाळ्यात. 19 व्या शतकात इंग्रजांची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली असायची आणि गोळी आवळलेल्या जागी आपोआप तडकायची. याला सीझन क्रॅकिंग म्हणायला लागले, सीझन म्हणजे आपला मान्सून. कारण नीट उलगडलं 1921 ला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, वर दमट हवा, आणि दाबलेल्या पितळात अडकून राहिलेला ताण. ताण काढायचा उपाय तोच, तापवणे.

आजोबांची बाराबोअरची चार पितळी केसं गोठ्याच्या माळ्यावर डब्यात पडलीयत, त्यातल्या एकाला तोंडाशी उभी चीर आहे, आणि आम्ही इतकी वर्षं खाऱ्या वाऱ्याला शिव्या घालत होतो, खाली म्हशी बांधलेल्या असताना.