सोंगाड्या

तमाशाच्या फडातील विनोदी नट. गौळणीत, म्हणजे कृष्ण-गोपींच्या प्रवेशात, तो कृष्णाचा सवंगडी पेंद्या होऊन लंगडत येतो, तर वगात, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यात, राजाचा शिपाई, हवालदार किंवा चाकर होतो. त्याच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. सरदाराने, म्हणजे फडाच्या प्रमुखाने, शब्द टाकायचा आणि त्याने तो उलटा करून परतवायचा, यावर बतावणी, म्हणजे विनोदी सवाल-जवाब, रंगते. “कुठनं आलास?” या प्रश्नाला “आईच्या पोटातनं” हे ठरलेले उत्तर, पुढे पाटलाला टोला हाणायचा की सावकाराला, हे तो समोरचा गाव बघून ठरवतो. कोल्हापूर-सांगलीकडचा प्रेक्षक लावणीइतकाच या हजरजबाबीपणावर जीव टाकतो. कवलापूरच्या (जि. सांगली) काळू-बाळू या जुळ्या भावांचा फड तर सोंगाड्यांच्याच नावाने गाजला.

चित्रपटात मात्र हे पात्र बराच काळ कडेला राहिले. तमाशापटाची कथा प्रामुख्याने नाचणारणीची, पाटलाची वा शाहिराची. सोंगाड्या दोन-चार प्रसंगांत हसवून जाई. ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटाने त्याला मधोमध आणले. लेखन वसंत सबनीस यांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे आणि संगीत राम कदम यांचे. खेड्यातला, आईच्या धाकात वाढलेला नाम्या तमाशा बघायला जातो, कलावतीवर भाळतो आणि फडातच ओढला जातो. नाम्या झालेले दादा कोंडके मुंबईचे. पण पडद्यावर ते आले कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून (१९६९). त्याआधी सबनिसांच्याच ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातला त्यांचा हवालदार घरोघरी पोचला होता.

या चित्रपटाचे खरे बळ नाम्याच्या घडणीत आहे. फडातला सोंगाड्या वेड पांघरून पेडगावला जातो. नाम्याचे वेड खरे असते. फडातली माणसे पोटासाठी जे सोंग वठवतात, त्यावर तो मनापासून विश्वास ठेवतो. त्यामुळे त्याला हसता हसता प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो. त्याची गाणीही चालींनी साधी, खेड्यातल्या बोलण्याच्या ठेक्यावरची आहेत.

याच वाटेवर विनोद सोडला की काय उरते, ते कागलच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत दाखवले. तिच्यातला गुणा हा अंगापिंडाने पैलवान शोभावा असा शेतमजूर. फड उभा करण्याच्या ध्यासापायी त्यालाच नाच्या, म्हणजे बायकी हावभावांचे पात्र, व्हावे लागते, आणि घरदार, गाव त्याच्याकडे पाठ फिरवतात. कोल्हापूरचे नट गणपत पाटील यांनी तर तमाशापटांत नाच्या इतक्या वेळा रंगवला, की लोक पडद्याबाहेरही त्यांना त्याच नजरेने पाहू लागले.