सेकंद दोनदा कशाला? त्वरणामागची जुनी गोष्ट

मे महिन्यात वेंगुर्ल्याला गावी गेलो की एक काम माझ्या गळ्यात ठरलेलंच असतं, भाच्याचं सायन्स. यंदा तो नववीत जाणार, आणि नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम', म्हणजे आंबे संपायच्या आत डोक्याला ताप. चाल झाली, वेग झाला, त्वरणापाशी गाडी अडली. "मामा, सेकंद दोनदा कित्याक?" मीटर प्रति सेकंद त्याला कळतं, एसटी तासाला चाळीस किलोमीटरने जाते तसंच ते, पण मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद? मी नेहमीचं उत्तर दिलं, वेग दर सेकंदाला कितीने बदलतो ते त्वरण. त्याने मान हलवली, आणि काहीही कळलेलं नाहीये हे दोघांनाही कळलं.

पण त्याचा काही दोष नाही हो. या एका कल्पनेला माणसाने जवळजवळ दोन हजार वर्षं घेतलीयत आणि ज्याने ती शेवटी नीट बसवली तो गॅलिलिओसुद्धा मधली काही वर्षं चक्क चुकीच्या रस्त्यावर होता.

अ‍ॅरिस्टॉटलपासून सुरू करायची पद्धत आहे म्हणून तेवढं उरकतो. त्याचं म्हणणं, जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते, जितकी जड तितकी लवकर. म्हणजे नारळ आणि सुपारी एकाच उंचीवरून सोडली तर नारळ खाली पोचून झोपला तरी सुपारी वाटेतच. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस नावाच्या विचारवंताने लिहून ठेवलंय की असं काही होत नाही, वजनात कितीही पट फरक असू दे, पडायच्या वेळेत फरक अगदी किरकोळ येतो. पण त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. पडताना वेग वाढतो हे सगळ्यांना माहीत होतं, आपल्याकडे पाडेली माडावर चढला की खाली कोणाला उभं राहू देत नाही ते उगाच नाही. पन्नास फुटांवरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदात जमिनीवर येतो आणि लागताना त्याचा वेग तासाला साठ किलोमीटरच्या वर असतो. प्रश्न असा की वेग वाढतो तो कशाबरोबर? जेवढं अंतर पडला त्याच्याबरोबर, की जेवढा वेळ पडला त्याच्याबरोबर? पटकन विचारलं तर बहुतेक जण अंतर म्हणतील, जास्त उंचीवरून पडलं की जास्त लागतं हे लहानपणापासून अंगानेच शिकलेलं असतं ना.

वेळेच्या बाजूने पहिली स्वच्छ व्याख्या केली ती ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या पंडितांनी. १३३५ मध्ये विल्यम हेट्सबरीने लिहिलं की सारख्या वेळात वेगात सारखी भर पडत असेल तर ते एकसारखं त्वरण. त्यांनी एक नियमही काढला, एसटी स्टँडवरून निघून वेग सारखा वाढवत चाळीसवर गेली तर तेवढ्या वेळात ती जेवढं अंतर कापते तेवढंच अंतर पहिल्यापासून वीसने गेलेली गाडीही कापते. यात कुठेही प्रयोग नाही हं, सगळं डोक्यात आणि कागदावर, आणि खाली पडणाऱ्या दगडाशी याचा काही संबंध आहे असं त्यांनी म्हटलंही नाही. थोड्याच वर्षांनी पॅरिसमध्ये निकोल ओरेम नावाच्या विद्वानाने हेच चित्र काढून दाखवलं, आडव्या रेषेवर वेळ, उभ्यावर वेग, खालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. नववीच्या पुस्तकात वेग-काल आलेखावरून समीकरण काढतात, पोरं कंटाळतात, ते चित्र साडेसहाशे वर्षांहून जुनं आहे.

इथे एक थांबा घेतो, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर दर सहा महिन्यांनी फॉरवर्ड येतो की हे सगळं भास्कराचार्यांनी आधीच शोधलं होतं. तर, ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत 'तात्कालिक गती' आहे हे खरंय. ग्रहाची दिवसाची सरासरी गती वेगळी आणि या क्षणाची गती वेगळी हा फरक त्यांनी केला आणि ती क्षणाची गती काढायची रीतही दिली, चंद्रासारख्या भरभर सरकणाऱ्या ग्रहासाठी ती लागायचीच. ही मोठी गोष्ट आहे, कारण क्षणाचा वेग म्हणजे काय हेच ठरलं नाही तर तो बदलतो असं तरी कसं म्हणणार. पण ते आकाशातलं गणित होतं, पडणाऱ्या नारळाचं नव्हे. आहे तेवढं पुरेसं आहे, वर आणखी चिकटवायची गरज नाही.

आता गॅलिलिओ. १६०४ च्या ऑक्टोबरात त्याने व्हेनिसच्या आपल्या विद्वान मित्राला, पाओलो सार्पीला, पत्र लिहिलं. त्यात उत्तर बरोबर, सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांनी वाढतात. पण पाया चुकीचा, वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं त्याने धरलं होतं! हे का चालत नाही ते नारळावरच बघा. देठ सुटला त्या क्षणी पडलेलं अंतर शून्य, म्हणून वेग शून्य, वेग शून्य म्हणून अंतर शून्यच राहणार, म्हणजे नारळ सुटूनही माडावरच लोंबकळत राहणार. गॅलिलिओला हे नंतर उमगलं, आणि मला आवडतं ते हे की १६३८ च्या आपल्या पुस्तकात त्याने संवादातल्या पात्राच्या तोंडून कबूलही केलंय की आपणही काही काळ याच चुकीत होतो.

त्याच पुस्तकात प्रयोग आहे. सरळ पडणं फार झपकन होतं, मोजायला घड्याळ नाही, म्हणून त्याने उतार घेऊन ते मंद केलं. बारा हात लांब, अर्धा हात रुंद, तीन बोटं जाड लाकूड (त्यांचंही माप हातच), त्यात सरळ खोबण, आत गुळगुळीत चर्मपत्र, आणि कडक कांस्याची गोल गोळी. वेळ मोजायला वर पाण्याचं भांडं, बुडाला बारीक नळी, गोळी घरंगळेपर्यंत जे पाणी पडेल ते काट्यावर तोलायचं. आपल्याकडे लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवायचे त्याचंच भावंड. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट शिष्याने मागाहून लिहिलेली आहे, तिच्यावर फार भार टाकू नये.

आणि सेकंद दोनदा? ते गॅलिलिओच्या पुस्तकात सापडणारच नाही. ग्रीक वळणाच्या गणितात अंतराची तुलना अंतराशी, वेळेची वेळेशी. अंतराला वेळेने भागणं हेच मुळात बसत नव्हतं, मग दोनदा भागणं कुठलं. आणि मीटर तर फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळचा, गॅलिलिओ १६४२ मध्येच गेला. न्यूटनने १६८७ मध्ये बळ आणि गतीतला बदल यांची गाठ मारली पण आपण घोकतो ते बळ बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण हे रूप त्याच्या पुस्तकात तसं नाही, ते बऱ्यापैकी ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७५० च्या सुमाराला आणलं. पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाचा ९.८०६६५ हा प्रमाण आकडा तर १९०१ मध्ये ठरला.

हे सगळं सांगून भाच्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग मागच्या परसात पोफळीची जुनी पन्हळ होती ती काढली, एका टोकाखाली दगड सरकवला आणि गोटी सोडली. स्टिलमन ड्रेक नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात अंदाज मांडला होता की गॅलिलिओने आधी उतारावर तारा बांधून, गोळीची टकटक गाण्याच्या ठेक्याशी जुळवली असावी, त्याचे वडील संगीतातलेच होते. भाचा भजनात झांज वाजवतो, ठेका त्याचा पक्का. पन्हळीवर चार दोरे आडवे बांधले आणि टक आणि झांज एकत्र पडेपर्यंत सरकवत बसलो, तासभर गेला. अंतरं आली पाच इंच, मग साडेचौदा, साडेसव्वीस, चौतीस. पाचने भागलं तर एक, तीनच्या जवळ, पाचच्या जरा वर, सातला थोडं कमी. पन्हळ वाकडी होती, तरी वाईट नाही.

"प्रत्येक ठोक्याला आधीपेक्षा किती जास्त जाते?" म्हटलं. साधारण दहा इंच. "म्हणजे वेग कितीने वाढतोय?" तो बोटं मोडत बसला. दहा इंच प्रति ठोका, इतकं म्हणून थांबला, आणि मग आपणच, "प्रति ठोका."

तेवढ्यात आईची हाक आली, आधी ती पन्हळ जाग्यार ठेव, शिपणा करूचा आसा.