दिल्ली ते टोकियो: अंतर एक, वेळा दोन

दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि टोकियोचा हानेदा विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे 5,860 किलोमीटर भरते. पृथ्वी गोल असल्यामुळे हा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. तो दिल्लीहून ईशान्येला निघून हिमालय आणि तिबेटचे पठार ओलांडतो. प्रवासी विमाने मात्र सहसा या वाटेने जात नाहीत. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला साधारणपणे तीन हजार मीटर उंचीपर्यंत झटपट खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांना ऑक्सिजन पुरवणारी यंत्रणा बहुतेक विमानांत थोडीच मिनिटे टिकते. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, तेव्हा तेथे खाली उतरणार तरी कुठे? म्हणून ही विमाने दक्षिणेकडून वळसा घेत म्यानमार आणि दक्षिण चीनवरून जातात आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर काहीशे किलोमीटरांनी वाढते.

त्याहून मोठा फरक वारा पाडतो. मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात जपानवर विशेष जोरदार असतो आणि त्याचा वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावा म्हणून त्यांनी 1926 मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला, पण जपानबाहेर त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. 1944च्या अखेरीस टोकियोवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना याच वाऱ्याने हैराण केले.

वळशासह मार्ग 6,300 किलोमीटरचा, विमानाचा हवेतील वेग ताशी 900 किलोमीटरचा आणि वाटेवरच्या वाऱ्याचा सरासरी वेग ताशी 100 किलोमीटरचा धरू. जाताना वारा पाठीशी असल्याने 6 तास 18 मिनिटे लागतील, तर येताना तो समोर असल्याने सुमारे 7 तास 52 मिनिटे. वारा पडलेला असता, तर दोन्ही खेपा मिळून बरोबर 14 तास झाले असते; येथे बेरीज जवळपास 14 तास 10 मिनिटे होते. जाताना वाचलेला वेळ येताना गमावलेल्या वेळेची पूर्ण भरपाई करत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून राहते. परतीचे मार्ग आखताना जेट प्रवाहाचा गाभा शक्यतो टाळला जातो तो यासाठीच.

वेळापत्रकातील तास याहून अधिक दिसतात, कारण त्यांत धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण-उतरण आणि थोडी राखीव वेळही धरलेली असते. शिवाय टोकियोचे घड्याळ दिल्लीच्या साडेतीन तास पुढे आहे. समजा, एखादे विमान दिल्लीहून रात्री 8 वाजता निघून सकाळी 7 वाजता टोकियोला पोहोचले, तर घड्याळाप्रमाणे 11 तास झाले, पण खरा प्रवास साडेसात तासांचा आहे. परतीचे विमान सकाळी साडेअकराला निघून संध्याकाळी साडेपाचला दिल्लीत उतरले, तर सहाच तास गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात साडेनऊ तास गेलेले असतात. म्हणजे स्थानिक वेळा तेवढ्या पाहणाऱ्याला लांबची खेप नेमकी छोटी वाटते. उन्हाळ्यात जेट प्रवाह उत्तरेकडे सरकून मंदावतो आणि जाण्या-येण्याच्या वेळांतील तफावतही त्याबरोबर कमी होते.